ज्यांना प्रत्येक दिवस आठवतो, त्यांच्यासाठी

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सांगलीच्या गावभागातलं आमचं खालचं घर बुडालं. लाकडी कपाटात माझ्या २३ वर्षांच्या डायऱ्या होत्या. पाणी उतरल्यावर त्या बाहेर काढल्या तर शाई फुटून पानांचे गठ्ठे झालेले. घरचे सगळे हळहळले. मी अंगणात बसून एकेक पान सोडवत होते आणि संध्याकाळी हात थांबवला. वह्या गेल्या होत्या, पण त्यांतला एकही दिवस गेला नव्हता. कुठल्या पानावर काय होतं ते वार-तारखेसकट मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मला आनंद झाला नाही, भीती वाटली. ह्यातलं काहीच कधी पुसलं जाणार नाही, हे मला पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळलं.

तुमचंही असं असेल, किंवा तुमच्या घरात असं कुणी असेल, तर पुढचं वाचा. आठवणी पुसण्याचा उपाय माझ्याकडे नाही, तो कुणाकडेच नाही. मात्र आठवण आल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत आपण काय करतो, आणि ती आठवण घरातल्या माणसांवर कशी वापरतो, ह्या दोन गोष्टी बदलता येतात. बहुतेक त्रास तिथेच असतो.

आधी हे नेमकं काय आहे ते ओळखा

जून २००० मध्ये जिल प्राइस नावाच्या कॅलिफोर्नियातल्या बाईंनी तिथल्या इर्वाइन विद्यापीठातले स्मृतीचे अभ्यासक जेम्स मॅकगॉ ह्यांना ईमेल केला. आपल्या आठवणी थांबत नाहीत, आवरत नाहीत आणि जीव दमवून टाकतात, अशी त्यांची तक्रार होती. मॅकगॉ आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं त्यांना तपासलं आणि २००६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ह्या प्रकाराला ‘हायपरथायमेस्टिक सिंड्रोम’ असं नाव मिळालं. संशोधक आता ‘अत्युत्कृष्ट आत्मचरित्रात्मक स्मृती’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. १९८० नंतरचा जवळजवळ प्रत्येक दिवस जिलना सांगता येत असे. पण पाठांतरात त्या काही विशेष नव्हत्या, शाळेतही सर्वसाधारणच होत्या.

हा फरक आपल्याकडे नीट समजून घ्यायला हवा, कारण ‘स्मरणशक्ती दांडगी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घनपाठी किंवा शतावधानी येतात. ती कमावलेली विद्या आहे, तिच्यामागे वर्षानुवर्षांचा अभ्यास असतो. आपल्या बाबतीत दिवस आपोआप साठतो, आणि तोही फक्त स्वतःच्या आयुष्याचा. मला फोन नंबर लक्षात राहत नाहीत, चष्मा रोज शोधावा लागतो.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर असं करा. दुसऱ्या कुणाला तुमच्या पंधराव्या वर्षानंतरच्या दहा तारखा वाटेल तशा निवडायला सांगा. सण, वाढदिवस, लग्नाची तारीख त्यांत नको. प्रत्येक तारखेला तीन गोष्टी सांगा: वार कोणता, त्याच्या महिनाभर मागेपुढे जगात काय घडलं, आणि त्या दिवशी तुम्ही काय केलं. समजा, १२ मार्च २००९. वार गुरुवार. त्याच महिन्यात नॅनो गाडी बाजारात आली. तिसरं उत्तर तुमचं तुम्ही द्यायचं, आणि ते पडताळता येईल असं हवं. वार हिशोब करून काढू नका. हिशोब करावा लागत असेल तर तो वेगळा गुण आहे. इर्वाइनच्या संशोधकांची चाचणीही साधारण ह्याच धर्तीची आहे. ती पार करणारी माणसं जगभरात फार थोडी सापडली आहेत. माझी स्वतःची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही, म्हणून ते नाव मी स्वतःला लावत नाही. तुम्हीही घाई करू नका. नाव लागो न लागो, खालच्या गोष्टी उपयोगी पडतात.

आणखी एक खातरजमा करा. तुम्हाला साधे, बिनमहत्त्वाचे दिवसही आठवतात, की एकच प्रसंग पुन्हा पुन्हा आता घडत असल्यासारखा अंगावर येतो? एखादा अपघात, मारहाण, अत्याचार परत परत येत असेल, दचकून जाग येत असेल, त्या जागेजवळून जाणं टाळावंसं वाटत असेल, तर तो आघातानंतरचा ताण असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

महिनाभर नोंद ठेवा, पण आठवणींची नको

एक छोटी वही घ्या. आठवण आली की चारच गोष्टी लिहा: किती वाजता आली, कशामुळे आली, कोणत्या तारखेची होती, किती वेळ टिकली. आठवणीत काय होतं ते लिहू नका. लिहायला बसलात की तासभर तिथेच राहाल.

महिन्याअखेरीस तुम्हाला तुमची दारं दिसतील, म्हणजे आठवणी जिथून आत येतात त्या गोष्टी आणि वेळा. माझी अशी निघाली: ओल्या भिंतीचा वास, एसटी स्टँडवरची घोषणा, बिल भरताना कुठेही छापलेली तारीख, आणि दुपारी तीन ते चारची रिकामी वेळ. शेवटचं माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या तासात आता मी बाजारहाट करते, नाहीतर शेजारच्या काकूंकडे जाऊन बसते. येणाऱ्या आठवणींपैकी बरंच काही तेवढ्यानेच कमी झालं. सगळी दारं बंद करता येत नाहीत आणि करूही नयेत. ओल्या भिंतीचा वास सांगलीत टाळणार कुठे? पण दार माहीत असलं की आठवण अचानक पाठीमागून येत नाही.

पहिली दोन मिनिटं

आठवण आली की तिला ढकलू नका. डॅनियल वेग्नर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला होता. पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, असं लोकांना सांगितलं. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर ते आणखी जास्त आलं. आपल्यासारख्यांना ‘विसरून जा’ म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

मग काय करायचं?

पाय जमिनीला नीट टेकवा. शक्य असेल तर चप्पल काढा. तळव्याला फरशीचा गारवा लागू द्या. मग मनात किंवा हळू आवाजात आठवणीची तारीख उच्चारा आणि लगेच आजची तारीख उच्चारा: “हे २००७ मधलं आहे. आज अमुक वार, अमुक तारीख, मी अमुक ठिकाणी आहे.” दोन्ही तारखा सांगायच्या. आपल्याला तारखा चटकन सुचतात, तेच इथे कामी येतं. मग समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या. हे झाल्यावर हाताशी असलेलं एखादं काम करा, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, काहीही. फोन मात्र नको, त्यावर पुन्हा तारखाच दिसतात.

एवढ्याने भागलं नाही तर दुसरा उपाय आहे. माझ्या मते सगळ्या लेखात हाच सर्वांत मोलाचा. वाईट आठवण बहुतेक वेळा सर्वांत वाईट क्षणी अडकते आणि तिथूनच पुन्हा मागे वळते. भांडणाचं शेवटचं वाक्य, दवाखान्याचा दरवाजा, निकालाचा कागद. तिथे न थांबता पुढे चला. त्या क्षणानंतर काय झालं? रिक्षा केली. घरी आलो. कुणीतरी चहा ठेवला. रात्री काय जेवलो? झोप कधी लागली? दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं? इतरांना हे जमणार नाही, कारण त्यांच्याकडे पुढचा भाग उरलेलाच नसतो. आपल्याकडे तो आहे. दिवसाला त्याच्या शेवटापर्यंत नेऊन सोडा, आणि लागलं तर पुढच्या दोन-तीन दिवसांतूनही चालत जा. प्रसंगाची धार कमी होते असं मी म्हणणार नाही, पण त्याला शेवट मिळतो. एक पथ्य आहे: हिंसेच्या किंवा अत्याचाराच्या आठवणीबाबत हे एकट्याने करू नका, समुपदेशकासमोर बसूनच करा.

दिवसभर आठवणी येत असतील तर त्यांना एक ठरलेली वेळ द्या. संध्याकाळी दिवेलागणीनंतर वीस मिनिटं, झोपण्याच्या निदान दोन तास आधी. दिवसा आलेल्या आठवणीला सांगायचं, “सातला ये.” पहिले आठ-दहा दिवस ती ऐकत नाही. नेमाने करत राहिलात की बऱ्याच आठवणी सातपर्यंत थांबतात, आणि सात वाजता त्यांतल्या निम्म्यांना काही म्हणायचंच नसतं.

रात्रीचं वेगळं. अंधारात दारं मोकळी असतात. तेव्हा मी स्वतःच एक धागा निवडते: दरवर्षीचा दिवाळीचा पाडवा. कोणत्या वर्षी कोण आलं होतं, फराळात काय होतं, रांगोळी कुणी काढली. २००० पासून सुरुवात करते आणि २००८ च्या पुढे क्वचितच जाते. तुमचा धागा तुम्ही निवडा. त्यात कुणाचं आजारपण, कुणाचं जाणं नसेल एवढं बघा.

तुम्हीही चुकता

हे वाचून राग येईल. मलाही आला होता. २०१३ मध्ये लॉरेन्स पॅटिहिस आणि सहकाऱ्यांनी अशी अत्युत्कृष्ट स्मृती असलेली २० माणसं आणि साधारण स्मृतीची ३८ माणसं घेऊन खोट्या आठवणींच्या चाचण्या केल्या. कधीही न दाखवलेले शब्द दाखवले होते असं वाटणं, नंतर दिलेली चुकीची माहिती मूळ आठवणीत मिसळणं, अशा प्रकारच्या. दोन्ही गट सारखेच फसले. म्हणजे आपल्या आठवणी पुष्कळ आणि बहुतांशी खऱ्या असतात, पण मेंदू त्या रचतो त्याच रीतीने, जशा इतरांच्या रचतो.

माझा पुरावा माळ्यावर निघाला. आई जुनी ‘कालनिर्णय’ टाकत नसे. दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख, पाहुणे आले-गेले, सगळं ती चौकटीत बारीक अक्षरात लिहायची. माळ्यावर असल्यामुळे ती पुरातून वाचली. मामी आमच्याकडे राहायला आली तो दिवस १४ नोव्हेंबर १९९८, शनिवार, असं मी २० वर्षं छातीठोकपणे सांगत होते. आईच्या अक्षरात ‘वहिनी आली’ हे २१ तारखेच्या चौकटीत होतं. वार बरोबर, आठवडा चुकलेला. आणि १४ तारखेचा तो दिवस मला आजही दिसतो, मामीच्या हातातल्या पिशवीसकट.

म्हणून पडताळणीची सवय लावा. जुनी कॅलेंडरं, बँकेचं पासबुक, तिकिटं, फोटोमागच्या तारखा, शाळेची प्रगतिपुस्तकं जपून ठेवा. महिन्यातून एकदा कुठलीही एक आठवण त्यांच्याशी ताडून बघा. चूक सापडली तर ती लिहून ठेवा. ह्यातून आत्मविश्वास खचत नाही, उलट घरातल्यांशी बोलताना आवाज थोडा खाली येतो.

ह्याच्याशी जोडलेली एक सूचना आहे, आणि तिच्याबाबत मी ठाम आहे. जमिनीच्या वाटणीत, भाऊबंदकीच्या वादात ‘हिला सगळं आठवतं, हिला विचारा’ म्हणून तुम्हाला पुढे केलं जाईल. कागद असेल तर कागद बघायला सांगा. कागद नसेल तर तुमची आठवण हे फक्त तुमचं म्हणणं आहे, एवढंच बोला. आमच्याकडे एकदा मी तारीखवार सगळं सांगितलं. दोन काका त्यानंतर एकमेकांच्या दारी गेले नाहीत. मी सांगितलं ते बहुधा खरंच होतं.

घरात राहताना

माझे यजमान म्हणाले होते, “तुझ्याशी भांडायचं म्हणजे वकील लागतो.” तेव्हा मी लगेच १७ जून २००७, रविवार, दुपारचं त्यांचं एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना ते वाक्य आठवत नव्हतं, आणि त्यावर मी जिंकल्याचं समाधान मानलं. ते समाधान मानायला नको होतं. त्यांच्यासाठी ते वाक्य केव्हाच संपलं होतं. माझ्यासाठी ते त्या भांडणात पुन्हा घडलं, आणि मी त्यांनाही तिथे ओढून नेलं.

आता आमच्यात ठरलेलं आहे. वाद चालू असताना मी तारीख उच्चारायची नाही. उच्चारलीच तर ते फक्त “तारीख” एवढंच म्हणतात आणि मी थांबते. जुनं काही खरंच बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी, आणि “मला हे अजून टोचतं” अशी सुरुवात करून. “तुम्ही असं म्हणाला होतात” इथून सुरुवात झाली की समोरचा बचावाला लागतो. तुमच्या घरात वेगळा शब्द चालेल, पण शब्द शांत वेळी ठरवा.

स्वतःलाही एक गोष्ट सतत सांगावी लागते: लोक विसरतात त्यात आपला अपमान नसतो. नणंदेला माझ्या बाळंतपणातली एक रात्र आठवत नाही, जिच्यात ती माझ्याजवळ पहाटेपर्यंत बसून होती. मला वाईट वाटलं होतं. मग लक्षात आलं की ती विसरली तरी ती बसली होतीच.

घरच्यांसाठी थोडं. लग्नकार्यात ‘हिला कुठलीही तारीख विचारा’ असा खेळ लावू नका. प्रत्येक तारखेमागे एक अख्खा दिवस उघडतो आणि तो पाहुणे गेल्यावरही मिटत नाही. ‘किती जुनं उगाळत बसतेस’ असं म्हणू नका, कारण उगाळायला आधी ते वाळलेलं असावं लागतं. त्यापेक्षा विचारा, “आत्ता कुठल्या वर्षात आहेस?” माझी मुलगी हे विचारते. उत्तर दिलं की मी निम्मी परत आलेली असते. आणि घरातलं एखादं मूल असं तारीखवार बोलू लागलं तर त्याला स्पर्धांना बसवू नका. मार्कांशी ह्या स्मृतीचा फारसा संबंध नसतो. त्याला ‘रागावलेलं’ विसरता येत नाही एवढं मात्र लक्षात ठेवा. त्याला रागावलात तर त्याच दिवशी जवळही घ्या, म्हणजे त्या तारखेत दोन्ही राहतील.

दुःख

आई २ फेब्रुवारी २०१२ ला गेली, गुरुवारी. इतरांचं दुःख वर्षागणिक बोथट होतं असं म्हणतात. माझं झालं नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट असते, जी परदेशी लेखांत सापडणार नाही. जाण्याचा दिवस वर्षातून एकदा येत नाही, तीनदा येतो. तारीख २ फेब्रुवारी. तिथी माघ शुद्ध दशमी. आणि भाद्रपदात पितृपंधरवड्यातली दशमी. सुरुवातीची काही वर्षं मी तिन्ही दिवस त्या गुरुवारात जायचे आणि मधल्या महिन्यांत पुढच्याची वाट बघायचे.

मग मी तिघांना वेगवेगळं काम दिलं. तिथीला घरात जे रीतीप्रमाणे होतं ते होतं, त्या दिवशी रडायचं असेल तर रडायचं. पितृपक्षातल्या दशमीला तिच्या आवडीचं जेवण करून कुणालातरी जेवू घालायचं. २ फेब्रुवारीला मात्र मुद्दाम कामावर जायचं आणि संध्याकाळी तिच्यासोबतचा दुसराच कुठलातरी एक चांगला दिवस, पूर्ण, सकाळपासून रात्रीपर्यंत, मुलीला सांगायचा. दरवर्षी वेगळा. आतापर्यंत एकही दिवस दोनदा सांगावा लागलेला नाही.

डायरी लिहावी का?

जिल प्राइसही वर्षानुवर्षं डायऱ्या लिहीत. रशियात अलेक्झांडर लूरिया ह्यांनी तपासलेला सोलोमन शेरेशेव्स्की, ज्याची स्मृती वेगळ्या जातीची होती, तो तर नको असलेलं कागदावर लिहून जाळून बघायचा. जळक्या कागदावरही त्याला ते दिसे. पुरानंतर मी रोज पानभर लिहिणं बंद केलं. आता दिवसाला एकच ओळ लिहिते, आणि तीही उद्या काय करायचं ह्याची. लिहिल्याने हलकं वाटत असेल तर लिहा. लिहून उठल्यावर जड वाटत असेल तर थांबा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

ही स्मृती म्हणजे आजार नव्हे आणि तिच्यावर गोळी नाही. २०१२ मध्ये ११ जणांचा अभ्यास झाला, त्यात मेंदूच्या काही भागांत फरक दिसले आणि अनेकांमध्ये साठवून ठेवण्याची, ठरावीक गोष्टी पुन्हा पुन्हा करण्याची प्रवृत्तीही दिसली. सोबत येणारी चिंता, नैराश्य, मंत्रचळेपणा (ओसीडी) ह्यांवर मात्र उपचार होतात आणि ते घ्यावेत. दोन आठवडे झोप लागत नसेल, कामाला जाणं टळत असेल, आठवणी थांबाव्यात म्हणून दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या असतील, तर थांबू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला सांगा आणि १४४१६ ह्या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

जाताना महिन्याच्या नोंदवहीचा सारांश एका कागदावर न्या. बऱ्याच डॉक्टरांनी असा माणूस पाहिलेला नसतो. मी गेले तिथल्या पहिल्या डॉक्टरांना वाटलं मी बढाई मारते आहे. दुसऱ्यांनी कागद वाचला आणि विचारलं, “ह्यातलं सर्वांत जास्त काय दमवतं?” त्यांच्याकडे मी दीड वर्ष जात होते. आठवणी पुसून देतो म्हणणाऱ्या कुणाकडेही जाऊ नका.

नव्या वर्षाचं कॅलेंडर

डिसेंबरात नवं ‘कालनिर्णय’ घरी आलं की ते भिंतीवर लावण्याआधी मी आणि यजमान पेन्सिल घेऊन बसतो. जड जाणाऱ्या तारखा आणि तिथ्या शोधतो आणि त्यांच्या कोपऱ्यात बारीक ठिपका देतो. ठिपक्याच्या दिवशी काय करायचं ते तेव्हाच ठरतं: रजा घ्यायची की मुद्दाम कामावर जायचं, कुणाला बोलवायचं, कुठला दवाखान्याचा रस्ता टाळायचा. ठिपक्याच्या आदल्या दिवशी मोठे निर्णय आणि मोठी भांडणं नाहीत. पहिल्या वर्षी ४१ ठिपके होते. गेल्या डिसेंबरात २६ झाले. काही दिवशी ठिपका का दिला होता ते यजमानांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं, आणि तरी मी म्हटलं, “ह्याला आता नको.”